दुधाच्या हिशेबाखाली

आत्याच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असे. मराठी घरात ते ज्या कामासाठी असतं त्याच कामासाठी: दूध अर्धा लिटर घेतलं की एक, सिलिंडर कधी लावला, पेपरवाल्याचे पैसे कधी दिले. आमच्या ख्रिस्ती घरात एकादशी-चतुर्थीचा तसा उपयोग नव्हता. तरी 'चतुर्थीला केळी महागतात, आदल्या दिवशीच आणावीत' एवढं पंचांग तिला पुरत असे. मला कुतूहल होतं ते चौकटीच्या तळाशी, दुधाच्या आकड्याखाली, पेन्सिलीने लिहिलेल्या बारीक अक्षरांचं. 'नळ वेळेवर.' 'गुडघा गप्प.' 'कढीपत्ता, शेजारून.' 'रिक्षावाल्याने सुटे दिले.' डिसेंबरातल्या एखाद्या चौकटीत नुसतंच 'ऊन.'

आत्या नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही, आयुष्य पाळ्यांमध्ये गेलं. रात्रपाळी संपली की येणाऱ्या सिस्टरला चार्ज द्यायचा: कुठल्या खाटेवर कोण, ताप किती, सलाईन कधी लावलं, काय द्यायचं राहिलं. निवृत्त झाल्यावर चार्ज घ्यायला कोणी उरलं नाही, म्हणून मी तो देवाला द्यायला लागले, असं ती सांगायची. "झोपताना त्याला चार्ज द्यायचा आणि मोकळं व्हायचं. पुढची पाळी त्याची." कॅलेंडरवरचे ते शब्द म्हणजे या चार्जचं टिपण. दिवसभरात एखादी गोष्ट मिळाली की पेन्सिल उचलायची, आणि रात्री डोळे मिटून ती त्याच्या कानावर घालायची.

या कामातही नर्सच्या अटी होत्या. पहिली आणि बहुधा एकच: मोघम चालणार नाही. मी लहानपणी तिच्याकडे राहायला गेले की रात्री मलाही प्रार्थना करायला लावायची. मी रविवारच्या शाळेत शिकलेलं धडाधड म्हणायची, की हे प्रभू, अन्नवस्त्रासाठी, आईवडिलांसाठी, आरोग्यासाठी तुझे उपकार मानते, आमेन. ती गप्प ऐकून घेई आणि मग विचारी, "आज जेवणात काय होतं?" मी सांगे, वांग्याची भाजी. "मग वांगी म्हण ना. त्याला काय माहीत नाही का वांगं?" वांग्यासाठी देवाचे आभार मानायला मला लाज वाटायची. शिवाय वांगं मला आवडतही नव्हतं. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग भाकरीचे मान. खोटं बोलू नकोस."

मंडळीत मात्र मोघमपणाला फार मान असतो. आमच्याकडे उपकारस्तुतीची सभा ठेवायची पद्धत आहे. मुलाला नोकरी लागली, आजारी माणूस दवाखान्यातून सुखरूप घरी आला, नवं घर बांधलं, की पाळकसाहेबांना आणि शेजारपाजारच्या विश्वासूंना घरी बोलवायचं, गाणी म्हणायची, वचन वाचायचं, प्रार्थना आणि मग चहा-फराळ. कधी साधा शिरा, ऐपत असेल तर मटण. अशा सभेत एखादे वडीलधारे प्रार्थनेला उभे राहिले की ते उत्पत्तीपासून सुरुवात करतात. आकाश आणि पृथ्वी झाली, इस्राएल लोक मिसरातून निघाले, वाळवंटात मान्ना पडला, आणि ज्या मुलाला नोकरी लागली त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत आतल्या खोलीत चहा दोनदा उकळलेला असतो. ही थट्टा मी प्रेमानेच करते. स्तोत्र १३६ तरी दुसरं काय करतं? २६ ओव्या, आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी देवाच्या दयेचं तेच पालुपद. सूर्य-चंद्र आले की पालुपद, समुद्र दुभंगला की पालुपद, राजे मारले गेले तरी पालुपद. आणि एवढा इतिहास फिरून झाल्यावर शेवटाच्या जरा आधी ते स्तोत्र येतं कुठे, तर प्रत्येक प्राण्याच्या अन्नापाशी. आत्याचं वांगं तिथेच कुठेतरी बसत असावं.

तरीही पालुपदाबद्दल आम्हा प्रॉटेस्टंटांच्या मनात एक अढी असते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने व्यर्थ बडबडीविषयी बजावून ठेवलं आहे आणि आमच्या घरांत ते चांगलंच मुरलं आहे. पाठ केलेली प्रार्थना म्हणजे पोपटपंची. मनातून आलं तरच खरं. मग सवयीने मानलेले आभार खरे कसे? रोज त्याच वेळी, त्याच खुर्चीत, भूक लागलेली असताना किंवा भांडण होऊन पानावर बसलेलं असताना मानलेले? तरुणपणी या प्रश्नावर मी आत्याशी वाद घालायची. ती वाद घालणारी नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की नाडी बघताना प्रेम वाटायलाच हवं असं नाही, नाडी बघायला हवी.

कवी नारायण वामन टिळकांना हा प्रश्न बहुधा पडला नसता. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण वारकऱ्यांच्या नामस्मरणाचा कान त्यांनी पाण्याबाहेर ठेवला नाही. तो त्यांच्याबरोबर आत आला. मराठी मंडळ्यांमध्ये आज 'उपासना संगीत' उघडून जी गाणी म्हटली जातात त्यांतली कितीतरी त्यांची. अभंग, भजनं, टाळावर बसणारी. भजनात ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं तेव्हा कोणी म्हणत नाही की हे मघाशी म्हणून झालं. पहिल्या वेळी ते तोंडात असतं, सातव्या-आठव्या वेळी कुठेतरी खाली उतरतं, आणि उतरलं नाही तरी भजन थांबत नाही. रोजच्या कृतज्ञतेचं मला हेच पटत गेलं. मन तयार होईपर्यंत ती वाट पाहत नाही. बहुतेक दिवशी मन उशिराच येतं, काही दिवशी येतच नाही.

वसईकडचे एक फादर माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडून मला एक वेगळाच क्रम कळला. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात दिवसाच्या शेवटी करायच्या आत्मपरीक्षणाची रीत घालून दिली. येशूसंघी ती आजही पाळतात. त्यात पाच पायऱ्या आहेत आणि पहिली पायरी उपकार मानण्याची. पापांकडे बघायचं ते नंतर. मला हे नवीन होतं. आमच्याकडे आधी मान खाली घालायची, मी पापी आहे, अपात्र आहे, आणि मग जमलं तर धन्यवाद. फादर म्हणाले, आधी काय मिळालं ते नीट पाहिलं नाही तर काय वाया घालवलं ते कळणार कसं? या बाबतीत मी कॅथलिकांच्या बाजूने आहे. पाळकसाहेबांनी हे वाचलं तर वाचू दे.

जेवणाआधीची प्रार्थना हा तर फारच साधा विधी, पण तिच्या पाठीशी केवढा इतिहास उभा असतो. जर्मनीतल्या सॅक्सनीत आयलेनबुर्ग नावाचं तटबंदीचं गाव आहे. तीस वर्षांच्या युद्धात आसपासचे लोक जीव वाचवायला त्या तटाच्या आत येऊन दाटले आणि १६३७ मध्ये तिथे प्लेगची भयंकर साथ आली. मार्टिन रिंकार्ट हे तिथले धर्मगुरू. बाकीचे मेले किंवा गाव सोडून गेले आणि पुरण्याचं काम यांच्यावर पडलं. त्या एका वर्षात त्यांनी चार हजारांहून अधिक माणसांना मूठमाती दिली, त्यांत त्यांची पत्नीही होती. देवाचे आभार मानणारं त्यांचं एक गीत जगभरच्या मंडळ्या आजही गातात. मूळ रूपात ती घरच्या माणसांनी जेवताना म्हणायची लहानशी प्रार्थना होती. पुढे गीत मोठं झालं. १७५७ साली लॉयथेनची लढाई जिंकल्यावर प्रशियाच्या सैनिकांनी ते रणांगणावर गायलं, असं सांगतात, आणि मग ते विजयाचं गाणं होऊन बसलं. माझ्या मते तिथे ते बिघडलं. ज्याने इतके खड्डे भरले त्याच्या घरातलं ते जेवणाचं गाणं होतं, तेवढंच राहायला हवं होतं.

तसं पाहिलं तर येशूने आभार मानल्याचे जे प्रसंग शुभवर्तमानात येतात त्यांतले बरेचसे भाकरीपाशीच येतात. रानात पाच हजारांच्या पुढ्यात पाच भाकरी असतात, तेव्हा आधी आभार आणि मग मोडणं. भाकरी पुरल्यावर आभार मानले असते तर ते कोणालाही समजलं असतं. आणि ती शेवटची रात्र. धरून देणारा त्याच पंक्तीत बसलेला आहे, हे ठाऊक आहे, आणि तरी भाकरी हातात घेऊन उपकार मानले जातात. पौलाने करिंथकरांना हे लिहिताना त्या रात्रीची ओळख विश्वासघाताची रात्र अशीच करून दिली आहे. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब तो भाग वाचतात तेव्हा दर वेळी माझं लक्ष तिथे अडतं.

मात्र या सगळ्याची एक बाजू मला अजून पचलेली नाही. कोरी टेन बूम या डच बाईंची गोष्ट ख्रिस्ती सभांतून पुष्कळदा सांगितली जाते. ज्यू लोकांना घरात लपवलं म्हणून त्यांना आणि त्यांची बहीण बेट्सी हिला राव्हेन्सब्र्युकच्या छळछावणीत टाकलं. बराक पिसवांनी भरलेली. बेट्सी म्हणाली, पिसवांसाठीही आभार मानायचे. कोरीला ते काही केल्या पटेना. पुढे कळलं की या पिसवांच्या भीतीनेच पहारेकरी आत येत नव्हते, म्हणून तर बायकांना लपवलेलं बायबल वाचता येत होतं. सभेत इथे सगळे 'हालेलुया' म्हणतात. मी विचार करते, पिसवांचा काहीच उपयोग झाला नसता तर? बेट्सी डिसेंबर १९४४ मध्ये तिथेच मेली. थेस्सलनीकातल्या मंडळीला लिहिताना पौल सर्व परिस्थितीत उपकार मानायला सांगतो. परिस्थितीत, परिस्थितीबद्दल नव्हे, अशी फोड एका पाळकांनी मला करून दाखवली होती आणि मी तिला धरून आहे. बेट्सी माझ्यापेक्षा फार मोठी होती, हे मान्य. पण मला कुरकुरणारी कोरी जवळची वाटते, आणि बहिणीची गोष्ट जगाला सांगितली तीही कोरीनेच.

कुरकुरीला आमच्या पवित्र शास्त्रात भरपूर जागा आहे, हे लोक विसरतात. १५० स्तोत्रांत सर्वांत मोठा गट विलापाचा आहे. त्यांतली बहुतेक शेवटी वळतात, देवाची स्तुती करतात. ८८वं स्तोत्र वळतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते संग्रहातून कोणी काढून टाकलं नाही. मराठीत हाच मोकळेपणा बघायचा तर नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची 'स्मृतिचित्रे' काढावीत. नवरा घरातली वस्तू उचलून कोणाला देऊन टाकतो, न सांगता निघून जातो, संसाराची घडी रोज विसकटते. लक्ष्मीबाई हे सगळं सांगतात, तक्रारीसकट सांगतात, आणि त्या तक्रारीतच त्या माणसाबद्दलची माया अशी मिसळलेली असते की वेगळी काढता येत नाही. मला वाटतं देवाशीही असंच बोलता यावं.

कृतज्ञतेचा सगळ्यांत वाईट उपयोग माणसाचं तोंड बंद करायला होतो. नगरकडच्या आमच्या ख्रिस्ती समाजातली कितीतरी घरं गावकुसाबाहेरून आलेली. मिशनमुळे शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, पायात चप्पल घालून पुढच्या बाकावर बसता आलं. ते उपकार खरेच होते. पण पिढ्यानपिढ्या त्यांची आठवण करून दिली गेली आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या पाठीच्या कण्यात एक प्रकारचा मिंधेपणा शिरला. साहेबासमोर आवाज उतरायचा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची स्वतंत्र मंडळी सुरू केली, तेव्हा देवाचा ऋणी कोण आणि माणसांचा मिंधा कोण, हा हिशेब त्यांनी आपल्यापुरता चुकता केला, असं मी समजते.

आत्याने तोच हिशेब फार लहान जागी केला. निवृत्तीनंतर दवाखान्याकडून तिचे फंडाचे पैसे बरेच दिवस मिळेनात. ती खेटे घालत राहिली. ऑफिसातल्या एका गृहस्थांनी तिला समजावलं, "सिस्टर, इतकी वर्षं नोकरी टिकली, देवाचे आभार माना." आत्या म्हणाली, "देवाचे मी रोज मानते. तुमचे मानायचे तर काय केलंत ते सांगा." पैसे मिळाले त्या दिवशीच्या चौकटीत तिने फंडाचं नाव काढलं नव्हतं. लिहिलं होतं, 'बसमध्ये बसायला जागा.' मी कारण विचारलं तर म्हणाली, "फंड माझा होता. जागा मिळाली ती फुकट."

हल्ली दुकानांत कृतज्ञतेच्या सुबक वह्या मिळतात. जाड कागद, वर सोनेरी अक्षरं, रोज तीन गोष्टी लिहायच्या. लिहिणाऱ्यांना झोप चांगली लागते म्हणे, आणि लागत असेलही. मला त्या वह्यांत एक गोष्ट सापडत नाही: आभार कोणाचे? पानावर मी आणि माझ्या तीन गोष्टी, बस्स. चार्ज घ्यायला पलीकडे कोणी नाही. दहा कुष्ठरोग्यांच्या गोष्टीत दहाही जण बरे झाले, दहांनाही आनंद झालाच असणार, आनंदाचं टिपणही त्यांनी मनात केलं असेल. मागे वळून चालत आला तो एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे त्या गावच्या हिशेबात परका. परत चालत येण्याचे जे पाय आहेत ते वहीत मावत नाहीत.

आमच्या मंडळीत ते पाय हंगामाच्या सणाला दिसतात. पीक घरात आलं की एका रविवारी त्यातलं काहीतरी देवळात आणायचं. बाजरीची पिशवी, मक्याची कणसं, दुधी, तगारीतली झेंडूची फुलं, पाय बांधलेली कोंबडी, जी नेमकी उपदेशाच्या मध्ये ओरडते. गोव्यात रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त असतं. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन लोकांचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, भाताच्या नव्या लोंब्या घेऊन, वाजतगाजत. आमच्याकडे बँड नसतो, लिलाव असतो. उपासना झाली की देवळाच्या पटांगणात कोणीतरी मोठ्या आवाजाचा माणूस उभा राहतो, आणि एक वार, दोन वार! एका म्हातारीने रुमालात गुंडाळून आणलेली दोन अंडी एकदा शंभर रुपयांना गेली. घेणाऱ्याने ती पुन्हा लिलावात दिली. पुन्हा बोली लागली. दुसऱ्यानेही परत दिली. शेवटी त्या अंड्यांचे किती झाले मला आठवत नाही, पण म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती आणि अंडी कोणी घरी नेली याचा पत्ता लागला नाही. शहरात वाढलेल्या, पिकाशी संबंध उरला नाही अशा माणसांनी काय आणायचं हा आता प्रश्न होतो. एका इंजिनिअर मुलाने बिस्किटांचा बॉक्स आणला होता. त्याच्यावरही बोली लागली.

वर्षातून एकदा पटांगणात आणायचं ते आणि रोज रात्री चौकटीत लिहायचं ते, यांत मला दुसरं अवघड वाटतं. सणाला सगळे असतात. रोजच्याला आपण एकटे, आणि दिवसही काही खास नसतो.

माझे वडील, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, गेले त्या महिन्याचं पान मी नंतर मुद्दाम उघडून पाहिलं. त्या दिवशीच्या चौकटीत काही असेल असं मला वाटलं नव्हतं. दुधाचा आकडा नव्हता, दूध घ्यायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नसणार. खाली पेन्सिलीने होतं: 'तीन घरांतून डबे.' शेजारच्या देशपांड्यांचा होता, मागच्या गल्लीतल्या शेखांचा होता आणि तिसरा मंडळीतल्या कोणाचा तरी. पुढचे चार दिवस कोरे होते. पाचव्या दिवशी 'काही नाही' असं लिहिलेलं होतं, आणि सहाव्या दिवशी दूध अर्धा लिटर.

त्या 'काही नाही'वर माझं बोट बराच वेळ होतं. नर्स चार्टमध्ये असंच लिहिते: लघवी नाही, ताप नाही, बदल नाही. तेही लिहायचं असतं. चौकट रिकामी सोडली तर पुढच्या पाळीला वाटेल की कोणी बघितलंच नाही.

आता माझ्या घरी जेवणाआधीची प्रार्थना मी करते. मुलं डोळे किलकिले करून ताटातलं पापलेट बघत असतात आणि मी बघत नाहीये असं समजतात. तुमच्या घरी ही पद्धत असेल, किंवा नसेल आणि सुरू करावीशी वाटली, तर माझं सांगणं एवढंच आहे: ताटात असेल त्या पदार्थाचं नाव घ्या, ज्याने तो रांधला त्याचंही घ्या, आणि उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. भाकरी गार होते.